दारूचं वावर

बाबांनी गाडीला किक मारली तेव्हा आई माझ्या कानाशी आली. "तोंडाकडं नको पाहू त्याच्या, तोंड त्याचं नेहमीच बरं असते. हाताकडं पाह्यजो. हात कापाले लागले का गाडी मांगं फिरवाले लावजो."

"टेन्शन नको घेऊ, मी हाय ना," मी म्हटलं.

हे वाक्य मी आजकाल सगळ्यांना ऐकवते. सव्वीस जानेवारीला शाळेत सूत्रसंचालन केलं तेव्हा सरांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला होता, म्हणाले, "राखी, तुले हा लागत नाई. शेलूबाजारपर्यंत ऐकू जाऊन राह्यलं." तेव्हापासून मला वाटतं की जगात माझ्या तोंडाला जमणार नाही असं काही नाही. पण त्या रविवारी गाडीवर मागे बसले, मांडीवर वेल्डिंग मशीनचं पोतं घेतलं, आणि ते वाक्य माझं मलाच खरं वाटेना.

कारण बाबा फाटकाबाहेर पडत होते.

हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय. तर त्यात हे की मागच्या हिवाळ्यात बाबा अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले आणि त्यांनी आमच्या अंगणाचं फाटक आतून लावून घेतलं. त्यानंतर एकदाही बाहेर नाही. मामाच्या लग्नाला नाही, मंदिरात नाही, कटिंगला नाही. न्हावी घरी यायचा. बाबा वेल्डर आहेत, काम अंगणातच करायचे. किन्हीराजा गावातल्या अर्ध्या घरांची ग्रिलं आमच्या अंगणातून बाहेर गेली, बाबा गेले नाहीत.

"भायेर गेलो का पेलो," ते म्हणायचे. "माह्यं गणित एवढंच हाय."

आणि ते काही चुकीचं नव्हतं. आमच्या गावात असा एकही ओटा नाही जिथे बाबांचा एखादा जुना दोस्त बसलेला नसतो.

मग शनिवारी मानोऱ्याकडून फोन आला. शालिग्रामभाऊंचा. हे मूळचे मानोऱ्याकडचे, पण कितीतरी वर्षं नाशिककडे निफाडला अंगुराच्या बागांत कामाला होते. तिकडचीच बायको केली आणि परत येऊन टेकडीजवळच्या आपल्या शेतात वाईनचे अंगूर लावले. आता तिथे वाईन बनवायचा छोटा कारखानाही आहे. सगळी पंचक्रोशी त्याला दारूचं वावर म्हणते. तर तिथे अंगुरांची तोड सुरू झाली आणि चार दिवसांतच, ज्या मशीनमध्ये अंगूर टाकतात त्याच्या लोखंडी स्टँडचा पाय तुटला. तिकडचा वेल्डर सापडेना. तोडलेला माल उन्हात थांबत नाही. आणि काम आवडलं तर नव्या शेतात वेलींसाठी लोखंडी मांडव उभारायचा होता, तेही बाबांनाच देऊ म्हणाले.

आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "साऱ्या जिल्ह्यात लोखंड तथीच तुटलं का? दारूच्याच वावरात?"

"अंगुराचं वावर हाय ते," बाबा म्हणाले.

"हो. अन् मोहाचं झाड बी झाडच असते."

बाबांनी ते लाटणं उचलून तिच्या हातात दिलं. मग म्हणाले, "रूपा, घरात राहून नाई पेलो, त्याच्यात काय मर्दुमकी हाय? घरात तर खाट बी दारू पेत नाई. एक ना एक दिवस जाच लागन."

"मंग आपल्या मालेगावले जा, भाजी घेऊन या. एकदम तथीच उडी कायले?"

"भाजीवाल्यानं फोन नाई केला ना."

मला हसू आलं. आईला नाही आलं. तेव्हा मी मध्ये पडले, "मी जातो सोबत. उद्या रविवार हाय." आणि विषय मिटला, म्हणजे मला वाटलं की मिटला.

बाबा गाडी इतकी हळू चालवत होते की शेलूबाजारच्या अलीकडे एक म्हातारबा सायकलवरून आमच्या पुढे गेले. ट्रक आला की बाबा पार कच्च्या रस्त्यावर उतरायचे. मी बोलत होते. शाळेतलं, मैत्रिणींचं, नववीच्या गणिताच्या मॅडमचं. गप्प बसले तर बाबा विचार करतील, आणि विचार करतील तर नको तो विचार करतील, असा माझा हिशोब होता.

"बाबा, तुमी बी बोला ना."

"तू बोलून राह्यली ना. दोघायचं तूच आटपलं."

मंगरूळपीरला पेट्रोल भरायला थांबलो, आणि तिथेच ते झालं ज्याची मला भीती होती. पंपाच्या भिंतीच्या सावलीतून एक माणूस उठला आणि हात पसरून आमच्याकडे आला. हरीओमकाका. हे आधी दर आठवड्याला बाबांसोबत असायचे, आणि दोनदा त्यांनीच बाबांना घरी आणून टाकलं होतं.

"जगद्या! जित्ता हायस का बे? मले तर वाटलं तुह्यं तेरवं जेवाले बी बोलावलं नाई!"

"काम चालू हाय," बाबा म्हणाले.

"काम काय पाय लावून पयून चाललं का? चाल, गाडी लाव बाजूले. पाच मिनिटं."

"पोरगी हाय सोबत."

"मंग तिले कुल्फी घेऊन देऊ. काय बे, एवढा साधू झाला का तू?"

मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. क्लचवरची बोटं थरथरत होती, अगदी बारीक, पण थरथरत होती. मला वाटलं आता मीच काहीतरी केलं पाहिजे. मी मोठ्यानं, माईक नसताना ऐकू जाईल असं म्हटलं, "काका, आमाले टाइम नाई! मानोऱ्याले जाचं हाय, दारूच्या वावरात!"

हरीओमकाका असे हसले, असे हसले की पंपावरचा पोरगा नळी हातात धरून बघायला लागला. "वा रे पठ्ठ्या! आमी अथी देशीवर, अन् तू डायरेक्ट कारखान्यात! सोबत पोरगी कायले, ड्रम घेऊन जाय!"

बाबांनी पैसे दिले आणि गाडी काढली. गाव मागे पडल्यावर विचारलं,

"तू कायले सांगतलं त्याले?"

"मले वाटलं तो गप होईन."

"तो? सांजपर्यंत साऱ्या किन्हीले समजन का जगद्या दारूच्या कारखान्यात गेला." थोड्या वेळानं म्हणाले, "जाऊ दे. खोटं तर नाई सांगतलं तू."

मला रडू आलं, पण हेल्मेट नसल्यामुळे वाऱ्यावर ढकलता आलं.

मानोऱ्याच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी ते वावर दिसलं. मी मनात काहीतरी काळंकुट्ट, बारसारखं चित्र धरलं होतं. पण सरळ ओळींत बांधलेल्या तारा, त्यावर वेली, खाली ठिबकच्या नळ्या आणि काळेभोर घड. टेकडी वाळून पिवळी पडली होती आणि हे तेवढंच हिरवं. एक सेकंद मी सगळं विसरून "बाप रे!" म्हणाले.

मग वास आला.

आंबट, गोड, घशात बसणारा. पत्र्याच्या शेडमधून येत होता. तिथे स्टीलच्या मोठ्या टाक्या होत्या, त्यात अंगुराचा रस आंबत होता, आणि चिलटांचे ढग. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी रुमाल काढला, नाकाला बांधला आणि वर वेल्डिंगचा चष्मा चढवला. आता त्यांच्या चेहऱ्यातलं काहीच दिसत नव्हतं.

माझा खरा भरवसा नाकावर होता. बाबा पिऊन आले की मला फाटकापासूनच वास यायचा, आईच्याही आधी. पण इथे भिंतींना वास, क्रेटला वास, कामावरच्या बायांच्या लुगड्यांना वास. माझ्या स्वतःच्या ओढणीला पाच मिनिटांत तोच वास. म्हणजे बाबांनी इथे काही केलं तर मला कळणारच नव्हतं. मी घरून जे एकमेव हत्यार आणलं होतं ते दारातच बोथट झालं.

मंजूताई, शालिग्रामभाऊंच्या बायको, घाईघाईनं आल्या. भाऊ विजेच्या डीपीच्या कामासाठी वाशीमला गेले होते. "बरं झालं आलात. तेवढा पाय जोडून द्या बघा, माल तोडून पडलाय. आणि हिला नका इथं उभी करू, ठिणग्या उडतील. चल गं बाळा, तुला बाग दाखवते."

"मी थांबतो अथीच," मी म्हटलं.

"जाय," रुमालामागून बाबा म्हणाले. "आर्कच्या उजेडाकडं पाहून डोये सुजवून घेशीन."

मी गेले. दर दोन पावलांनी मागे बघत. मंजूताईंनी माझ्या हातात छोटी कात्री दिली आणि घड कसा धरायचा ते दाखवलं, खालून तळहात लावून, देठापाशी कट. अंगूर बारीक, साल जाड, आत बिया. तोंडात टाकला तर इतका गोड की जिभेला चिकटला. मी एक घड कापला, दोन कापले, मग ओळीच कापत सुटले. मंजूताई हसत होत्या. मी त्यांना विचारलं वाईन चढते का, कोण पितं, आमच्या शाळेची सहल इथे येऊ शकते का. त्या म्हणाल्या, मुख्याध्यापक नोकरीला मुकतील. मीही हसले. खरंच सांगते, पाच-दहा मिनिटं मला बाबांची आठवण नव्हती.

शेडमधला वेल्डिंगचा चर्र आवाज कधी थांबला तेसुद्धा मला कळलं नाही.

मंजूताईंनीच फोन लावला. शेडमधल्या गोजराबाईंना. "झालं का गं काम? ... हं. ... हं. बरं." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "एका बाजूचं झालं म्हणे. बाबा पेला घेऊन बसलेत निवांत."

बाबा पेला.

त्याच्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. कात्री कुठे पडली माहीत नाही. मी ओळीतून पळाले, तारेखालून वाकून दुसऱ्या ओळीत, ठिबकच्या नळीत पाय अडकून गुडघ्यावर पडले, उठले. मागून मंजूताई "अगं काय झालं? अगं!" करत होत्या. डोक्यात एकच चालू होतं. आईला काय सांगू? मी हाय ना म्हटलं होतं. अंगूर खात बसले होते मी. अंगूर!

शेडच्या दारात बाबा पालथ्या क्रेटवर बसले होते. रुमाल गळ्यात उतरला होता. हातात स्टीलचा गिलास. गिलासात काळपट लाल.

"पेले ना तुमी?" मी ओरडले. माझा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. टाक्या धुणाऱ्या बाया थांबल्या. "सांगा! पेले ना? सालभर फाटक लावून बसले, न्हावी घरी बोलावला, अन् अथी येऊन अर्धा घंटा नाई झाला! माय तथी जेवली नसन अजून! हरीओमकाकाले 'पोरगी हाय सोबत' म्हनाले आनलं का मले?"

टाकीत काहीतरी बुडबुडत होतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

"तू सोबतीले आली का पायतीले?" त्यांनी विचारलं. पायतीले म्हणजे पाळतीवर.

"दोन्ही," मी म्हटलं.

"मंग पाह्य. ये. घे वास."

ते उठले, माझ्यासमोर वाकले आणि तोंड उघडलं. सगळ्यांसमोर. घरात आई त्यांच्याकडून असं करून घ्यायची तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जायचे. मी नाक पुढे केलं. आंबट, गोड, घशात बसणारं. त्यांच्या तोंडातून, की शेडमधून, की माझ्याच ओढणीतून?

"समजत नाई," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. "पन मंजूताईनं सांगतलं ना! त्याईनंच सांगतलं, बाबा पेला!"

मंजूताई धापा टाकत दारात आल्या होत्या. "मी? मी कधी म्हटलं? मी म्हटलं, पेला घेऊन बसलेत." त्यांनी बाबांच्या हाताकडे बोट केलं. "हा काय, पेला!"

कुणालाच कळेना. मग गोजराबाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या, हातातला पाईप सोडून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ओ ताई, याले तुमच्या नाशकात पेला म्हनते का? हा गिलास हाय! अन् आमच्यात पेला म्हंजे पेला. ढोसली! तुमच्या एका गिलासापायी बाप मेला असता ना पोरीचा!"

बाया फिस्सकन हसल्या. मंजूताईंनी तोंडावर हात मारून घेतला. मलाही हसायचं होतं, पण मी गिलासाकडे बघत होते. काठोकाठ भरलेला होता. एक घोटही कमी नव्हता. आणि लगेच मनात आलं, हा दुसरा असला तर?

बाबा हसले नव्हते. ते माझ्याकडेच बघत होते, आणि मला वाटतं तो दुसरा गिलास त्यांना माझ्या डोळ्यांत दिसला.

"म्या देल्ला त्याईले," गोजराबाई म्हणाल्या. "घामाघूम झालते. सकाळी हातानं काढलेला रस हाय, आमी बी पेतो तो."

"असन," बाबा म्हणाले. "पन मले तसं कोनी सांगतलं नाई. गिलास हातात देल्ला अन् बाई चालली गेली. आता रस हाय का ते हाय, मले कसं समजावं? वासानं समजत नाई अथी. चाखून पाहाव म्हनलं तर..." ते थांबले. "इचाराव म्हनलं तर कोनी इचारन, काहून इचारता. म्हनून बसलो धरून."

इतका वेळ. तो गिलास हातात धरून, ना ओठाला लावता येत ना खाली ठेवता येत. आणि मी तिकडे ओळीच्या ओळी कापत होते.

मंजूताईंचा चेहरा बदलला. आता त्यांना कळलं होतं. बाबांनी गिलास जमिनीवर ठेवला, हात पँटला पुसले आणि सगळ्यांकडे बघून बोलले, जसं काही मीटर सांगताहेत लोखंडाचं.

"मी दारुडा हाय, ताई. साल झालं सोडली. आज पयल्यांदा घराच्या भायेर आलो."

घरात ते हे कधीच बोलले नव्हते. घरात आम्ही 'तब्येत' म्हणायचो.

मंजूताई म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर बोलावलंच नसतं हो तुम्हाला."

"माहीत होतं. म्हनून नाई सांगतलं."

"तसं नव्हे. मला तुमची नाही भीती वाटत. या जागेची वाटते."

"मले बी वाटते," बाबा म्हणाले.

मला वाटलं संपलं. मांडवाचं काम गेलं, उद्यापासून फाटक बंद, आणि या वेळी कारण हरीओमकाका नाहीत, मी. तोंड उघडून मी दोनदा घात केला होता, एकाच दिवशी. तिसऱ्यांदा काही बोलू नये म्हणून मी दातांत ओढणी धरली.

"मांडवाचं वावर कोठी हाय?" बाबांनी विचारलं.

"वरती. टेकडीला लागून. इथून लांब आहे."

"मंग ते करतो मी. शेडमधी पाय ठेवनार नाई. पान्याची कॅन घरून आनीन, तुमच्या इथलं पानी बी नको. चालत असन तर पाहा."

मंजूताई लगेच हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे आल्यावर बोलते त्यांच्याशी. वरच्या शेताचं माप तर घेऊन ठेवा." आणि मग स्टँडकडे बघून, "पण याचं? दुसरी बाजू राहिली ना? माल पडून आहे."

बाबा स्टँडकडे बघत राहिले. तो शेडच्या पार आत होता, टाक्यांच्या मधोमध.

"हे आजचं करून देतो. हातात घेतलं काम हाय."

"मी बसतो जवळ," मी ओढणी सोडून म्हटलं.

"नाई. तू जाय वावरात."

"बाबा, मी काईच बोलनार नाई. नुसती बसतो."

"राखे." त्यांनी रुमाल पुन्हा नाकावर ओढला. "तू बसली, तर तू होती म्हनून नाई पेलो, असं होईन. जाय."

मी मंजूताईंकडे बघितलं, त्यांनी गोजराबाईंकडे बघितलं. गोजराबाईंनी बायांना हाक मारली, "चाला व, तोडाले चाला. मानसाले काम करू द्या." आणि सगळ्या शेडच्या बाहेर निघाल्या. जाताना गोजराबाईंनी तो गिलास उचलला आणि दाराबाहेर मातीत ओतला.

कुणीतरी मला माझी कात्री आणून दिली. मी शेडकडे पाठ करून उभी राहिले, कारण तोंड करून उभी राहिले असते तर पळालेच असते. आत चर्र सुरू झालं. तो आवाज म्हणजे बाबांचे दोन्ही हात कामात आहेत. चर्र. मी घड कापला. चर्र थांबलं. माझा हात थांबला. रॉड बदलत असतील. रॉड बदलायला इतका वेळ लागतो? टाक्यांना तोट्या होत्या, मी बघितल्या होत्या, खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. चर्र. सुटले. पुढचा घड.

"बोट कापशीन," शेजारच्या ओळीतून गोजराबाई म्हणाल्या. "वेलीकडं पाह्य."

पुन्हा थांबलं. या वेळी खूप वेळ. मी मनात पाढे म्हटले, सतराचा पाढा, जो मला येत नाही. माझे पाय शेडच्या दिशेनं वळले होते, मी ते परत वळवले. हातातल्या घडाला तळहात लावला, देठ कापला, क्रेटमध्ये ठेवला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. आवाज नव्हता. मी वळले नाही.

"राखे!" दाराकडून बाबांची हाक आली. "टेप कोठी ठेवला पोत्यात? चाल, वरचं वावर मोजू."

मी वळून बघितलं. एवढ्या लांबून हात दिसत नव्हते. मी "आली!" म्हणून ओरडले, आणि त्यांच्याकडे चालत गेले. पळत नाही.